बेबाबाई आणि साठचा आकडा

असोद्यात आमच्या समोर राहणारी बेबाबाई तोंडाची फटकळ. चाळीस वर्षांत नवऱ्यानं, गिरधरभाऊंनी, तिच्यापुढे ब्र काढला नाही. त्यांचं हृदय कमजोर झालं तेव्हा गल्लीनं दोष कोणाला दिला, ते सांगायला नकोच.

जळगावच्या डॉक्टरांनी बारीकशी गोळी दिली आणि बजावलं, "ही एका विषारी फुलझाडापासून निघते. आपल्या कण्हेरीसारखंच जहाल. मापात औषध, मापाबाहेर विष. रोज आधी नाडी मोजा. साठच्या खाली भरली तर गोळी द्यायची नाही."

घरी येताच बेबाबाईनं दारची कण्हेर उपटली. "लोक म्हनतीन, मीच इख घातलं!" सून मयुरी नाडी मोजायला तयार होती, पण हिचा कोणावर विश्वास नाही. भिंतीवरचं घड्याळ मांडीत घेऊन ती रोज सकाळी ओट्यावर, भर गल्लीत, नवऱ्याचं मनगट पूर्ण मिनिटभर धरायची. लग्नात धरला होता तो हात, त्यानंतर थेट आता. भाऊ जमिनीकडे बघत बसायचे. मीही चहा घेऊन नेमका तेव्हाच बाहेर यायचो, खोटं कशाला बोलू? नाडी भरायची सहासष्ट, अडुसष्ट. मग गोळी.

महिनाभरात भाऊंचं जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली. मीच गाडीत घालून दोघांना जळगावला नेलं. तिथे नाडी भरली बावन्न.

"न मोजताच गोळी देत होतात का?" डॉक्टर भडकले.

"माह्याच हातानं इख गेलं," म्हणत बेबाबाई रडायला लागली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टर नरमले. "बरं, माझ्यासमोर मोजा."

तिनं मनगट धरलं. भाऊंच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलेल्या नाडीच्या यंत्रावरचा आकडा चढायला लागला. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, सदुसष्ट. हात सोडला, की थोड्या वेळानं पुन्हा बावन्न.

"काका, हे काय?" डॉक्टरांनी भाऊंना विचारलं.

"भेव वाटते तिचं," भाऊ म्हणाले. कान मात्र लालबुंद.

गोळी आठ दिवस बंद झाली. पुढे नाडी मयुरीनंच मोजायची, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ ओट्यावर बसले आणि त्यांनी बेबाबाईपुढे हात केला.

"आता काय मोजू? गोयी तं बंद हाये."

"म्हनूनच धर. आता वाढली तं काय बिघडते?"

बेबाबाईनं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, माझ्यावर डोळे वटारले आणि हात धरला. घड्याळ आतच राहिलं होतं.