टीटा पुरिंग जेवून आल्या आहेत

भाच्याने उद्या तुमच्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाला, 'माझी बायको या देशात येतेय, तिला कधी सरकारी मदतीवर जगायची वेळ आली तर तो खर्च तुम्ही भरून द्याल, एवढंच लिहून द्या,' तर तुम्ही सही कराल? लगेच छाती ठोकू नका. छाती ठोकणारे अकरा जण मी आमच्या व्हालेहो गावात पाहिलेत.

दर शनिवारी चर्चच्या सभागृहात टेबल टाकून मी लोकांचे व्हिसाचे कागद फुकट भरून देते. वकील नाही मी. हॉटेलच्या खोल्या झाडता झाडता स्वतःच्या केसपुरता कायदा वाचला, तो इतरांनाही पुरला. पण रोडेल मागबानुआ माझ्याकडे आला तो सगळी वाट लावून. त्याची बायको अ‍ॅनालिन तिकडे मायदेशी, इलोइलोत. हा इथे गाड्या धुतो आणि संध्याकाळी कॉलेजात जातो. याच्या पगारावर सरकार बायकोला येऊ देईना, म्हणून कमावता हमीदार हवा होता. आईवडील निवृत्त होऊन गावी परतलेले, ते चालत नाहीत. मग या शहाण्याने काय करावं? अकरा नातेवाइकांच्या हमीपत्रांचा गठ्ठा पाठवला.

"अकरा कशाला रे?"

"एकालाच विचारलं असतं तर बाकीचे रुसले असते ना, अते लुझ." अते म्हणजे ताई; लुझ मी.

खरं आहे म्हणा. आमच्यात कुठलंही काम एकट्याच्या डोक्यावर टाकत नाहीत. वाढदिवस असला की एक जण भात आणतो, एक जण नूडल्स, तिघं मिळून भाजलेलं डुक्कर. सूनही तशीच आणू, असा हिशेब. अकरांत एक सून म्हणजे एकेकाच्या वाट्याला फार तर एखादं बोट. त्यामुळे सह्या हसत हसत झाल्या.

गठ्ठा परत आला. हमीदार एकच हवा आणि त्याची कमाई तेवढी हवी. अकरा अर्धवटांची बेरीज आम्ही करत नाही. कार्यालयाने हे सभ्य भाषेत लिहिलं होतं, अर्थ हाच.

तिकडे अ‍ॅनालिनला दुबईच्या दातांच्या दवाखान्यात दोन वर्षांची नोकरी चालून आली होती. तिने नवऱ्याला स्वच्छ सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत हमीदार मिळाला तर थांबते. नाहीतर जाते दुबईला. लग्न झाल्यापासून तुला फोनवरच बघतेय, तिथूनही दिसशील."

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सगळं गोत कुया बॉयिंगच्या घरी जमलं. कुया म्हणजे दादा; बॉयिंग हे रोडेलचे थोरले चुलतभाऊ, घरं विकतात, गाडी अशी की शेजाऱ्याने पडदा लावून घ्यावा. मी उभी राहिले आणि म्हटलं, "एकाने पुढे या. कुया, तुम्ही?"

"मी? अगं, आनंदाने! फक्त ते... करभरणीचे कागद लागतात का?"

"लागतात."

"त्यात मी तोट्यात आहे."

"गेल्या वर्षी?"

"दरवर्षी," त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "त्या कागदावर आम्ही भीक मागतो!"

हशा पिकला. कुयांनी अंगठीचा हात खिशात घातला. मग मी अते नेनिंगकडे वळले. मोठ्या इस्पितळात नर्स, पगार दणदणीत.

"माझी ना नाहीच," त्या म्हणाल्या. "पण रोडेलने उद्या तिला सोडलंच, तर संपलं ना सगळं?"

"नाही संपत. घटस्फोट झाला तरी हमी राहते. ती नागरिक होईपर्यंत, नाहीतर तिची इथली दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत."

"म्हणजे हा मोकळा, आणि मी तिला पोसत बसणार?"

"वेळ आलीच तर, हो."

मग अते नेनिंग गोड हसून म्हणाल्या, "नवऱ्याला, फ्रँकला विचारते. बघू." आणि एकदा ती वाट सापडल्यावर सगळे तिकडूनच निघाले. बघू हं. बघू या ना. देव आहे, बघू. आमच्या लोकांच्या तोंडून 'नाही' निघत नाही; नाही म्हणणं उद्धटपणाचं. माझं टाळकं असं सटकलं की हातातली फाईल मी टेबलावर आपटली आणि तळलेल्या लुम्पिया रोलांची अर्धी थाळी जमिनीवर गेली.

त्या वेळी दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "उचला ते. मी खाल्लं नसतं तरी वाया कशाला?"

टीटा पुरिंग. टीटा म्हणजे आत्या-मावशी; या रोडेलच्या वडिलांच्या चुलत बहीण. शाळेची बस चालवतात. चाळीस पोरं एका आवाजात गप्प करणारी बाई, पण त्या दिवशी आल्यापासून पर्स मांडीवर धरून बसलेली. ताट पुढे केलं की एकच उत्तर, "जेवून आलेय मी." आमच्या घरात येऊन कुणी असं म्हटलं की समजायचं, युद्ध पुकारलंय.

माझ्या डोक्यात उजेड पडला. पक्की नोकरी, कर चोख, नागरिक, मागे खाणारं कुणी नाही. मी रोडेलला कोपऱ्यात ओढलं. "यांना का नाही विचारलंस, गाढवा?"

"कसं विचारू? त्यांनी नवऱ्याला असंच सही करून आणलं होतं. तो दुसरीबरोबर लास वेगासला गेला. त्यांच्या जखमेवर मीठ कशाला, असं सगळे म्हणाले."

आम्ही कुजबुजत होतो, पण बसच्या आरशात मागच्या बाकावरचं पोर बघणारी बाई ती. "अकरा जणांना विचारलंत," टीटा म्हणाल्या. "येशूनेसुद्धा बारा घेतले होते. तुम्ही अकरावर थांबलात."

"बारावा येशूला विकणारा निघाला, आठवतंय ना, टीटा?" कुया बॉयिंग म्हणाले.

विनोद चांगला होता. वेळ वाईट होती. टीटांनी पर्स उचलली आणि गेल्या.

मग रोडेलची मनधरणी सुरू झाली. रुसलेल्या माणसाला आमच्यात थेट काही विचारत नाहीत, आधी फुलवावं लागतं. त्याने टीटांची गाडी धुतली. पुन्हा धुतली. त्या म्हणाल्या, "रंग राहू दे थोडा." त्याने नूडल्स नेले, "जेवलेय मी." घरचा नळ दुरुस्त करायला गेला आणि आणखी बिघडवून आला. शेवटी त्यांच्या खिडकीखाली माइक-स्पीकर लावून गाणं म्हटलं. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. एवढ्या सगळ्यात 'सही' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नाही, आणि महिना संपत आला.

शेवटच्या शनिवारी मीच टीटांना फोन केला, टेबलावर गर्दी आहे, मदतीला या म्हणून. आल्या. रोडेल तिथेच तोंड पाडून अ‍ॅनालिनशी फोनवर बोलत होता. मी त्याच्या हातातून फोन हिसकावला आणि टीटांपुढे धरला. "बोल गं. टीटा, हाच तो आवाज ज्याच्यासाठी हा गाड्या धुतोय."

पोरगी घाबरली, पण अडखळली नाही. "टीटा, मी अ‍ॅनालिन. तुम्ही माझे हमीदार व्हाल का? तुमच्याबाबतीत काय झालं ते मला माहीत आहे. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. फक्त आज सांगा, म्हणजे मी दुबईला कळवते."

टीटांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रोडेलने डोळे मिटले.

"बघितलंस, लुझ?" त्या मला म्हणाल्या. "गाडी धुतली, नळ तोडला, पोलीस आणले. पण 'व्हाल का' असं पहिल्यांदा हिने विचारलं. मी पोळलेय, सगळे बरोबर म्हणतात. पण सही करायला हात आहेत अजून." मग फोनकडे वळून, "गाडी चालवतेस?"

"वडिलांची तीनचाकी चालवते. इलोइलोच्या बाजारातून."

"बाजारातून? मग बस चालवशील. लायसन काढायला मी शिकवीन. माझ्यावर खर्च पडायला नको, म्हणून तुला कामाला लावणार, आधीच सांगते. सकाळी लवकर उठावं लागेल."

"उठते, टीटा."

"आणि तू," रोडेलच्या दंडाला त्यांनी असं धरलं की तो खुर्चीतून अर्धा उठला, "हिला सोडलंस तर याद राख. मी तुझ्याकडे बघणारही नाही, हिला मात्र ठेवून घेईन. कायद्याने तुझं लग्न मोडू शकतं. माझी हमी नाही मोडत."

मी एकेक ओळ वाचून दाखवली. करभरणीचे कागद त्यांच्या पर्समध्येच होते, घडी घालून, त्या रविवारपासून. सही करून झाल्यावर त्या म्हणाल्या, "इथे खायला काही आहे की नाही? सकाळपासून उपाशी आहे." मी माझा डबा उघडला. अदोबोचा रस्सा आणि भात त्यांनी एकटीने संपवला आणि मीठ कमी होतं असं वर सुनावलं.

अ‍ॅनालिन आली. आता टीटांना शेजारी बसवून रिकामी बस चालवायला शिकते. पहिल्या दिवशी बस रिव्हर्स घेताना तिने कुया बॉयिंगच्या गाडीचा आरसा उडवला. नुकसानभरपाई मागायला कुया आले, तेव्हा टीटा म्हणाल्या, "बघू."

माझ्या टेबलावर अजून बरीच जोडपी बसून आहेत, एक इकडे, एक तिकडे. त्यातलं कुणी तुमच्या दारात आलं तर हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा, पण तोंडावर म्हणा. हात जोडते, 'बघू' म्हणू नका.