आत वळलेली टोकं

"हे गेले गं," अक्का फोनवर म्हणाली. मी व्हाइटफील्डच्या गर्दीत ऑफिसच्या कॅबमध्ये अडकले होते. मला काही सुचायच्या आत तीच म्हणाली, "कोंबड्या सोडायच्या राहिल्यात, स्वल्प, जरा थांब," आणि फोन ठेवला. नवरा गेला त्याच सकाळी माझ्या बहिणीला कोंबड्या आठवाव्यात, याचं मला नवल वाटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. भावजींबद्दल मला जेवढं जमेल तेवढं बोलते...

चिकपेटेत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की "या अण्णा, बसा अक्का", आवाजात नुसती साखर. तारेची जाळी कापली की टोकं आतल्या बाजूला वळवायची, हा त्यांचा दुकानातला नियम. कुणाची साडी अडकू नये, कुणाच्या हाताला लागू नये. तोच माणूस घरी आला की ताटं भिंतीवर आपटायची. एकदा आमटी खारट झाली म्हणून त्यांनी पितळी तांब्या भिरकावला. अक्काचा कान थोडक्यात वाचला, पण कानामागे टाके पडले. दुसऱ्या दिवशी दुकानात ते नेहमीसारखेच हसून बोलत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला तेव्हा त्यांचा गळा धरावासा वाटला होता.

दुकान विकून दोघं शहराबाहेर देवनहळ्ळीला राहायला गेली. अक्काला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी हवं होतं, ते म्हणजे कोंबड्या. भावजींनी जुनं कपाट आडवं करून, जाळी ठोकून खुराडं बनवलं. बाहेरून हात फिरवा, कुठे खरचटणार नाही. "वाघ आला तरी दात पाडून घेईल," ते म्हणाले. अक्का हरखून गेली होती.

मग एका रविवारी मी तिथे असताना, सकाळी सकाळी कोंबड्यांचा आक्रोश ऐकू आला. भावजी लोखंडी सळई घेऊन धावले. खुराड्यापाशी गल्लीतलं तांबडं कुत्रं हुंगत उभं होतं. त्यांनी त्याला असं झोडपलं की त्याचा मागचा पाय मोडल्याचा आवाज मला पायरीवर ऐकू आला. कुत्रं फरफटत पळालं. मग त्यांनी खुराडं पाहिलं. कडी लागलेली होती, जाळी शाबूत होती. दार उघडलं तर रक्त सगळं आत. अक्काची लाडकी काळी कोंबडी जाळीच्या टोकांत पंख अडकून लोंबकळत होती. रक्त दिसल्यावर बाकीच्यांनी तिला चोचींनी फाडलं होतं, पोट उघडं पडलं होतं, आणि ती अजून जिवंत होती. भावजींनी तिची मान पिरगाळली.

अक्का पुढे झाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली. "बाहेरच्यांना लागू नये म्हणून सगळी टोकं आत वळवलीत. घरातही हेच केलंत तुम्ही."

सळई अजून त्यांच्या हातात होती. मी मधे पडायला धावले. त्यांनी सळई मातीत टाकली आणि आत जाऊन पक्कड आणि कानस घेऊन आले.

दिवसभर ते खुराड्यात अर्धे शिरून बसले होते. टोकं छाटली, उरलेल्यांवर लाकडी पट्ट्या ठोकल्या, खिळ्यांची बाहेर आलेली टोकं घासली, बसायची दांडी गोल गुळगुळीत केली. दर थोड्या वेळाने डोळे मिटून उघडा हात आतून सगळीकडे दाबून फिरवायचे. जिथे रक्त येई, तिथे पुन्हा कानस. संध्याकाळी मनगटापासून कोपरापर्यंत हात सोलला होता. अक्काने हळद आणली. "सरी, बरं, ठेव तिथे," एवढंच म्हणाले. माफी त्यांनी मागितली नाही, पुढेही कधी नाही.

स्वभाव बदलला म्हणाल, तर तसंही नाही. पण आवाज चढला, हात शिवशिवायला लागले, की ते उठून खुराड्याकडे जायचे आणि आत हात घालून चाचपत बसायचे... अक्का त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात श्वास रोखून उभी असायची.

परवा मी तिच्याकडे गेले होते. दारात ते तांबडं कुत्रं तीन पायांवर उभं होतं, अक्का त्याला रोज भात घालते. तिने पदर खोचला, खुराड्यात खांद्यापर्यंत हात घातला, अंडं काढलं आणि उन्हात हात उलटसुलट करून पाहिला. एक ओरखडा नव्हता. तिने केस मागे सारले, कानामागचा वण दिसला.

"खुराडं नीट केलं त्यांनी," ती म्हणाली. "घराला दिवस पुरले नाहीत."

मग अंडं माझ्या हातात दिलं. अजून गरम होतं.