सगळं घेणारं फंक्शन

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक चांगली सोय आहे. एखादं फंक्शन, म्हणजे एक ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, चालवण्याआधी त्यालाच विचारता येतं, तू काय काय घेतंस? मग ते आपल्या आर्ग्युमेंटांची, म्हणजे त्याला पुरवायच्या माहितीची, नावं दाखवतं. निदान दाखवायला पाहिजे.

सौंसरजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यातलं ठिबक माझ्या चुलतभावानं कॉम्प्युटरला जोडून दिलं आणि तो नोकरीला पुण्याला निघून गेला. पाणी सोडणारा प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला. मी पांढुर्ण्याला घरी बसून एका कंपनीचं काम करतो, त्यामुळे हेही मीच पाहणार असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

जानेवारीत झाडं ताणावर होती. म्हणजे पाणी बंद करून झाडाला तहानलेलं ठेवायचं, मग पाणी दिलं की बहार फुटतो. घाई झाली तर फुलांऐवजी पालवी येते. बाबांनी बगिच्यातून फोन केला. "वरच्या मुरमाडीले पाणी सोड. खालच्या काळीचा ताण तुटू देऊ नको, तिथली पानं अजून सुकली नाही."

मी फंक्शनला विचारलं. उत्तर काय, तर काहीही द्या, कितीही द्या! भावानं मूळ फंक्शनवर स्वतःचं एक आवरण चढवलं होतं आणि खरी नावं त्याखाली गडप झाली होती. वैतागून त्याला फोन लावला.

"अबे, काहीबी नाव दे ना, सगळं घेते ते. मी मीटिंगमधी बसून राहिलो."

मी 'प्लॉट' म्हणून वरचा भाग लिहून दिला. एरर आला नाही, मला वाटलं जमलं. आत त्या आर्ग्युमेंटचं खरं नाव 'लाइन' होतं. आवरणानं माझा 'प्लॉट' मुकाट घेतला, फेकून दिला आणि लाइन सांगितलीच नाही म्हणून दोन्हीकडे पाणी सोडलं. अरे, कळत नाही तर नाही म्हण ना! बोंबलायला काय जात होतं?

बाबा खाली पोचेपर्यंत काळी जमीन भिजली होती. मी फोनवर आवरण, आर्ग्युमेंट, चुलतभाऊ असं सगळं सांगत सुटलो. ते नुसतं "बरं" म्हणाले.

पुढं वरची झाडं फुलांनी पांढरी झाली, खाली नुसती पालवी. बगिचे पाहत फिरणारा व्यापारी आला तेव्हा मी नेमका तिथंच होतो.

"काकाजी, तुमच्यासारख्या माणसानं ताण कसा काय तोडला जी?" त्यानं हसत विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "चुकलं भाऊ. मीच कॉक उघडला."