ब्रेक धरतो, सोडत नाही : आप्पांच्या पिकअपमधून मीरा रोड ते पाली

मीरा रोडहून उत्तनजवळच्या पालीला जाण्याचं प्रवासवर्णन लिहितेय म्हटल्यावर माझी बहीण हसली. रिक्षा-बसने लोक रोज जातात, त्यात लिहायचं काय? अगं बाई, पण आम्ही गेलो ते आप्पांच्या पिकअपमधून. आणि ती गाडी त्याच संध्याकाळी आमच्या हातून जाणार होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. भाईंदरला त्यांचा मंडपाचा धंदा होता. बांबू, कनाती, खुर्च्या, सगळं तीस वर्षं या आकाशी रंगाच्या पिकअपने वाहिलं. असं मॉडेल आता रस्त्यावर दिसत नाही, सिग्नलला लोक फोटो काढतात. गेल्या वर्षी आप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि किल्ली माझ्याकडे आली. मी काय खूश! पण दिवाळीपासून तिच्या ब्रेकने छळ मांडला. अर्धा-पाऊण तास नीट चालायची आणि मग ब्रेक धरून बसायचा. पाय काढला तरी सुटायचा नाही. चाकं घासायची, जळका वास यायचा. नया नगरच्या मेकॅनिककडे तीनदा नेली. त्याने लायनर बदलले, चाकातले सिलिंडर बदलले. त्याच्या दारात गाडी एकदम शहाणी. तो बॉनेट उघडून, डबीचं झाकण काढून ब्रेक ऑइल बघायचा, चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, कुछ नहीं है." दोन दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी आप्पाच म्हणाले, विकून टाका, कुणाच्या जिवाशी खेळ नको. हायवेवरच्या एका ढाबेवाल्याला ती हवी होती. इंजिन काढून, मागे फुलझाडं लावून तो ती दारात शोभेला उभी करणार होता. रविवारी संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. मला ते चित्र काही सहन होईना. शनिवारी जेवताना मी जाहीर केलं, न्यायच्या आधी उत्तन-पाली करायचं, आप्पांना घेऊन. माझा नवरा संजय म्हणाला, "या ब्रेकवर?" आप्पा म्हणाले, "हळू जाऊ." झालं, ठरलं.

सकाळी सातला निघालो. थंडी होती, रस्ते मोकळे होते आणि मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पहिला थांबा भाईंदरच्या केबिन रोडला, इडली आणि चहा. सकाळी लवकर जा, दहानंतर तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही. स्पेअरच्या दुकानाचं शटर अर्धं उघडलं होतं, तिथून ब्रेक ऑइलची बाटलीही घेतली. मग रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला आलो आणि मुर्धा, राई ही गावं करत निघालो. इथून पुढे शहर संपल्यासारखंच वाटतं. मिठागरं, पाणी, बगळे. आप्पा खिडकीतून कोपर बाहेर काढून बसले होते आणि कुठल्या लग्नाचा मंडप कुठे घातला होता ते दाखवत होते. मी इतकी खुशीत होते की ब्रेकचं विसरूनच गेले.

मोर्वा गावाजवळ गाडीनेच आठवण करून दिली. ती जड झाली, वास आला. बाजूला घेतली. संजयने बॉनेट उघडून डबीचं झाकण काढलं, ऑइल बघितलं, भरपूर होतं. लावलं झाकण. पाच मिनिटांनी गाडी हलकी. थंड झाली म्हणून सुटली, असं तिघांचंही एकमत झालं. पुढे डोंगरी गावाच्या चढाला पुन्हा तेच नाटक. या वेळी आप्पांनी ऑइल बघितलं. पुन्हा सगळं ठीक. निघालो.

खरी फजिती पालीत झाली. तिथल्या गल्ल्या अरुंद, दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी एकीला थांबावं लागतं. समुद्राकडे उतरणाऱ्या अशाच एका गल्लीत पिकअपने ब्रेक धरला आणि ती बूच लावल्यासारखी अडकली. पुढे जाईना, मागे जाईना. संजय वैतागला होता. म्हणाला, आता कुणी कशाला हात लावायचा नाही, नीट थंड होऊ दे. मागच्या स्कूटरवाल्यांची माफी मागून आम्ही शेजारच्या घरगुती खानावळीत बसलो. बोंबील, तांदळाची भाकरी, कोलंबीची आमटी. तिघांचं हजाराच्या आत झालं, आणि नुसत्या या बोंबलांसाठीसुद्धा पालीला जाच. पण मी जेवताना सारखी दारातून गाडीकडेच बघत होते. परत आलो तेव्हा पाऊण तास झाला होता, चाकं गार पडली होती, आणि ब्रेक तसाच घट्ट.

आप्पा मला म्हणाले, "मंजू, त्या ढाबेवाल्याला इथेच बोलव. त्याच्या टेम्पोवर चढवून नेऊ दे." तीस वर्षांच्या गाडीबद्दल असं बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला रडूच येणार होतं.

जवळच एक साठीचे मच्छीमार होडीचं इंजिन खोलून बसले होते. नाव डॉमनिक. त्यांची बर्फाची हातगाडी आमच्यामुळे अडली होती, पण ते चिडले नाहीत. हात पुसत आले आणि आधी काय काय झालं ते सगळं विचारून घेतलं. मी मोर्वा सांगितलं, डोंगरी सांगितली, नया नगरचा मेकॅनिकही सांगितला.

"दर टायमाला झाकन उघाडलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

हो, ऑइल बघायला.

"आनि आता?"

आता न्हाय, मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

त्यांनी मला आत बसवलं, हँडब्रेक तयार ठेवायला सांगितला आणि झाकण फिरवलं. फुस्स! सोड्याची बाटली उघडावी तसा आवाज आला आणि गाडी उतारावर चक्क पुढे सरकली. मी हँडब्रेक खेचला. आणि हसतच सुटले.

डॉमनिककाकांनी झाकण उलटंसुलटं करून दाखवलं. त्याला हवा यायला-जायला बारीक भोक असतं. त्यांच्या इंजिनच्या डिझेलच्या टाकीलाही असतंच. ते भोक बुजलं होतं. ऑइल तापून फुगलं की आत दाब कोंडायचा आणि ब्रेक सुटायचा नाही. झाकण उघडलं की दाब गेला, गाडी शहाणी. म्हणजे आम्ही तपासत होतो म्हणूनच बिघाड सापडत नव्हता! काकांनी सुईने भोक कोरलं. आधी काळा मळ निघाला, मग त्याखालून लाल, मग पिवळं.

"ह्या काय हाय?" त्यांनी विचारलं.

ते काय आहे हे मला क्षणात कळलं. हळदीकुंकू. ऑपरेशनमुळे आप्पांना वाकायचं नव्हतं, म्हणून दसऱ्याची गाडीची पूजा या वेळी मी केली होती. स्टेअरिंगला बोट लावलं, चाकांना लावलं, आणि ब्रेकवर सगळ्यांचा जीव म्हणून त्या झाकणाला चांगलं ओलं करून, दाबून, भरपूर लावलं. दिवाळीपासून बिचाऱ्या मेकॅनिकला नावं ठेवत होते आणि गाडीचा गळा मीच दाबला होता. माझ्या भक्तीपायी आप्पांची गाडी फुलझाडांची कुंडी होणार होती. शरमेने मान खाली घालून मी ते सगळं तिथेच कबूल केलं.

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, मी फक्त टायरला लावायचो गं," एवढंच त्यांना बोलता आलं. संजय तर कट्ट्यावरच बसला.

मग काय विचारता! पुढच्या चौक गावापर्यंत गेलो, वरून समुद्र बघितला, उतार तीनदा उतरलो, मुद्दाम ब्रेक मारत. एकदाही धरला नाही. परतताना भाईंदरच्या गर्दीत दीड तास रखडलो, आयुष्यात पहिल्यांदा मला ट्रॅफिक आवडला. (सोमवारी मेकॅनिककडून सगळं पुन्हा तपासून घेतलं. तुमची जुनी गाडी असेल तर तुम्हीही घ्या, आणि त्याला झाकणाचं भोक आवर्जून बघायला सांगा.)

घरी पोचलो तर ढाबेवाला बिल्डिंगखाली उभा. गाडीच्या कागदांवर आप्पांचं नाव, शब्दही त्यांनीच दिलेला. आयुष्यभर दिलेल्या शब्दाला जागलेला माणूस, त्यामुळे गाडी जाणार हे मी धरूनच चालले. आप्पा म्हणाले, तुम्ही वर जा. आम्ही खिडकीतून बघत राहिलो. दोघं बराच वेळ बोलले, एकदा ढाबेवाल्याने हात जोडले, एकदा आप्पांनी. मग तो एकटाच रिक्षात बसून गेला.

आप्पा वर आले, चपला काढल्या, किल्ली माझ्या हातात ठेवली.

"त्याची माफी मागितली," ते म्हणाले. "म्हटलं, बंद पडली असती तर दिली असती. चालती गाडी उभी करायला कशी देऊ?"