मिस रूबींचे बूट

परवा बुटांना पॉलिश करायला डबी उघडली आणि त्या वासासरशी मी थेट अमेरिकेतल्या ॲन आर्बरला, मिस रूबींच्या दारात जाऊन पोचलो.

मिस रूबी म्हणजे माझ्या शेजारच्या कृष्णवर्णीय आजी. गुलामगिरी संपल्याचा सण जूनमध्ये असतो. त्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. मी नवा विद्यार्थी. घरच्या सवयीनं बूट दाराबाहेर काढले आणि आत गेलो. फाटक्या मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"बूट कुठायत?" त्या कडाडल्या. "माझ्या पणजीला मालकानं जन्मापासून अनवाणी राबवलं. सुटल्यावर तिनं आधी बूट केले, मग नवरा! आज माझ्या घरात कुणी अनवाणी बसायचं नाही."

त्यांची कॉलेजातली नात टाशा सोफ्यावर खुशाल अनवाणी बसली होती. "ग्रॅनी, मनाला येईल तसं राहायचं, हेच तर स्वातंत्र्य!"

मग दोघी निवाड्यासाठी माझ्याकडे बघायला लागल्या. मी घाबरून एकच बूट घातला.

जेवताना माझा काटा खाली पडला. उचलायला वाकलो, तर टेबलाखाली मिस रूबींचे चकचकीत बूट बाजूला पडलेले आणि त्यांच्या पायाची सुजरी बोटं मजेत हलतायत! वर आलो, तर त्या माझ्याकडेच रोखून बघत होत्या. त्या जे कुजबुजल्या, ते तेव्हा मला निव्वळ पळवाट वाटलं होतं. परवा मात्र पॉलिशचा हात थांबला.

"माझे मी काढलेत," त्या म्हणाल्या होत्या. "कुणी काढून घेतलेले नाहीत."