जायफळाची कॉफी

कॉफीवर जायफळ किसलं की आजही मी चटकन मागे वळून बघते.

तीसेक वर्षांपूर्वी पनवेलच्या आमच्या घरात सासऱ्यांचं सुतक चालू होतं. टीव्हीवर चादर टाकलेली, गोडधोड बंद. चहा चालायचा, पण कॉफी म्हणजे चैन! बाहेर सासूबाईंना भेटायला करंजाड्याची मंडळी बसलेली असताना मी स्वयंपाकघरात चोरून कॉफी केली. सवयीने जायफळही किसलं. पहिला घोट घेतला, तोच मागे सासूबाई. मी कप पदराआड धरला.

"लपवतेस काय? वास बाहेरपर्यंत आलाय," त्या हळूच म्हणाल्या. "मलापण दे घोटभर."

भिंतीला टेकून, डोळे मिटून त्या प्यायल्या. आठवडाभर आम्ही त्यांना पाणी दिलं, रुमाल दिले. काय हवंय, ते विचारलं कोणीच नाही.

मी तर कप लपवला होता.