एका डोक्याला दोन कशाला?

कृष्णाबाईचा संशय कुणाकुणावर आहे ते विचारू नका, कुणावर नाही ते विचारा. सांगायला सोपं पडेल. सख्ख्या भावानं आत्ता खाडीतून काढून आणलेली मासळी असली तरी कल्ला उचलून बघणार. कुणी चहा दिला तर आधी देणारीला घोट घ्यायला लावणार. देवळात नारळ फोडला तर दोन्ही भकलं जुळवून बघते, पुजाऱ्यानं मधल्या मध्ये बदललं तर नाही ना. पुजारी हात जोडून म्हणतो, बाय, देवापुढं तरी विश्वास ठेव. ती म्हणते, देवावर हाय, तुझ्यावर न्हाय.

मी शकू, तिची जोडीदारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. भटजी येतो, त्याचं तो म्हणतो. पण हळदीपासून मांडवापर्यंत देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन, धवला म्हणजे ते गाणं गाऊन बोलावते ती धवलारीण. दोघी बसतात. कृष्णाबाई ओळ टाकते, मी तीच ओळ झेलते आणि शेवटचा 'गो' लांबवत नेते. तो विरला की तिनं पुढची ओळ टाकायची. एवढंच काम. पण एवढं चुकलं तर धवला फाटतो, आणि ज्याला नीट बोलावलं नाही तो दाराबाहेर ताटकळतो, असं आमच्यात मानतात.

गेल्या हंगामात चौलच्या एका मांडवात आमचा धवला फाटला. माझा 'गो' चाललेलाच होता आणि हिनं पुढची ओळ ठोकून दिली. दोन आवाज एकमेकांवर आदळले. पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. परत येताना रिक्षात ही माझ्यावरच उसळली.

"शके, तू मुद्दाम तोडतेस. अर्ध्यावर सोडतेस नि मला तोंडघशी पाडतेस."

"मी? अगो, मी लांबवत होते!"

"लांबवतेस! माझी जागा पायजे तुला. कलतंय मला."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न होऊन आले तेव्हापासून हिच्या शेजारी बसून घसा फोडतेय, आणि हे ऐकायचं? पण मी गप्प बसले, कारण मला एक दिसत होतं. तिला ऐकू कमी येत होतं. घरात टीव्ही एवढा मोठा असायचा की रस्त्यावरून जाणाऱ्याला मालिका कळावी. कुणी हळू बोललं की हिच्याबद्दलच बोलतंय, असं धरून चालायची. सुनेनं एकदा अलिबागला कानाच्या डॉक्टरकडं न्यायची गोष्ट काढली, तर "मी भैरी हाय काय? तुमीच तोंडात गुलनी धरून बोलता," म्हणून तिनं घर डोक्यावर घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

सून म्हणजे प्राप्ती. मोठ्या मुलाची, प्रज्योतची बायको. प्रज्योत ट्रेलर चालवतो, आठवडा आठवडा बाहेर. प्राप्ती घरातूनच फोनवर काम करते, कुठल्याशा कंपनीचे बिघडलेले फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांच्या तक्रारी ऐकायच्या. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, डोक्याला तो हेडसेट. एका कानावर गादी आणि तोंडापुढं आलेली बोटभर दांडी. कृष्णाबाई दारात वाल सोलत बसायची आणि एक डोळा आत ठेवायची. तिला काय ऐकू यायचं, तर "हो सर", "बोला सर", "मी आहे ना सर". ती मला म्हणायची, "शके, ही 'मी आहे ना' कोनाला सांगते गो? नवरा तिकडं गाडीवर, नि ही इकडं सर सर!"

आता आमच्या घरची गोष्ट. माझ्या दिराची मुलगी रश्मी, तिचं लग्न ठरलं. माझे मालक गेल्यापासून घरातलं पहिलं कार्य. धवला कृष्णाबाईचाच, हे मी दिराला बजावून सांगितलं. पण नवऱ्या मुलाचा मामा मोठा शहाणा. चौलच्या मांडवातली गोष्ट त्याच्या कानावर गेलेली. म्हणाला, "म्हातारीला कशाला तरास? आजकाल धवले रेकॉर्ड केलेले मिळतात. स्पीकरला लावायचे, चुकायची भानगड न्हाय." दीर मधल्या मध्ये सापडला. शेवटी ठरलं असं, की कृष्णाबाई गाईल, स्पीकर बाजूला तयार राहील. धवला फाटला की मामा बटण दाबणार. म्हणजे लग्नात मुलीच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आधी कृष्णाबाईच्या धवल्यावर माती पडणार.

हे कुणीतरी तिला सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही धड. आणि नेमकं त्याच सुमारास प्राप्तीच्या हेडसेटची गादी फाटली.

"रेवदंड्याला जाऊन येते, आई," प्राप्ती म्हणाली.

"मी पन येते," कृष्णाबाई लगेच चपला घालून उभी. वाटेत मला हाक मारून बरोबर घेतलं. मला बाजूला ओढून म्हणाली, "दुकानात कोन भेटतं ते बघायचं. तू डावीकडं बघ, मी उजवीकडं."

चंदरचं मोबाइलचं दुकान बाजारात. तो प्राप्तीला ओळखतो. त्यानं काचेवर मांडामांड केली आणि समजावून सांगितलं. दिवसभर बोलायचं काम असेल तर हेडसेट घे. दांडी तोंडाजवळ असते, बोललेलं समोरच्याला स्वच्छ जातं, मागची कोंबडी-कुत्री कमी जातात. एकच कान झाकलेला घेतलास तर घरातलंही ऐकू येतं. गाणी ऐकायची असतील, तर मग हेडफोन. दोन्ही कान भरून आवाज येतो, गादी मऊ, पण कामाचं बोलायला तो तितका बरा नाही.

प्राप्ती म्हणाली, "दोन्ही कान पूर्ण झाकले पाहिजेत. तोंडापुढं दांडी नको. आणि वायरचा दाखवा, लांब वायरचा."

चंदर तिच्याकडं बघतच राहिला. "अगं, तुझं काम बोलायचं ना?"

"काम जुन्यावर भागेल. गादीला चिंधी बांधते. हा द्या."

कृष्णाबाईनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की मी कळवळले. मग पुढं होऊन तिनं तो काळा, वाटीएवढ्या कानांचा हेडफोन उलटापालटा करून पाहिला, वास घेतला, आणि सुनेला विचारलं, "एका डोक्याला दोन कशाला गो?"

"असू दे, आई. लागतो."

"कशाला लागतो?"

प्राप्ती नुसती हसली. अहो, हसायची काही गरज होती? कृष्णाबाईच्या डोक्यात त्या हसण्यानं घर केलं. घरी येईपर्यंत ती एकच पालुपद लावून होती. बोलायचं यंत्र सोडलं नि ऐकायचं घेतलं. म्हणजे आता ही नुसती ऐकनार. कोनाचं ऐकनार?

खरं सांगू? तोपर्यंत माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. आलेली हेडसेटला, आणि घेतला काय, तर भलतंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृष्णाबाई धापा टाकत माझ्या पडवीत. केस सुटलेले, हातात वालाचं सूप तसंच.

"शके, कललं! कललं सगलं! मी चुलीपाशी धवला गुनगुनत होते. ही दाराआड फोन माझ्याकडं धरून उभी, नि कानाला ते कालं! माझा गला भरून घेतेय गो! तो मामाचा स्पीकर हाय ना, त्याच्यात घालनार. घरातलीच फितूर!"

मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. भांडणारी पाहिली होती, शिव्या घालणारी पाहिली होती. त्या दिवशी ती घाबरली होती, आणि मला सुनेचा असा राग आला की विचारू नका. मी पदर खोचला. म्हटलं, चल, आज तिला विचारतेच.

आम्ही गेलो तेव्हा प्राप्तीची जेवणाची सुट्टी चालू होती. चिंधी बांधलेला हेडसेट टेबलावर, आणि डोक्याला तो काळा हेडफोन. फोन खिडकीत ठेवलेला. आम्ही दारात पाऊल टाकायच्या आधीच, पाठमोरी असून ती म्हणाली, "या शकूमावशी, चप्पल नवी घेतली का? वाजतेय."

मी चरकले. हिला पाठीला डोळे आहेत का?

"कोनाला विकलास माझा गला?" कृष्णाबाई गरजली. "बोल! मामानं काय कबूल केलंय?"

प्राप्तीचं तोंड उतरलं. मग तिनं हेडफोन काढला आणि सासूच्या डोक्यावर ठेवला. कृष्णाबाईनं ओरबाडून काढला. प्राप्तीनं परत ठेवला आणि दोन्ही हातांनी धरून राहिली. मग फोन माझ्या हातात दिला.

"मावशी, छातीशी धरा आणि गा. रोजच्यासारखं."

"काय गाऊ?"

"धवला. तुमची झेलायची ओळ."

मला काही उमगेना, पण गायले. 'येवा येवा देवानो, मांडवाचे दारी गो...' शेवटचा 'गो' सवयीनं लांबवला, बारीक होत होत विरेपर्यंत नेला.

कृष्णाबाईचे हात खाली आले. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी थांबले तरी बघत होती.

"परत," ती म्हणाली.

मी परत गायले.

"शके, तू तोडत न्हायस."

"कधीच तोडला नाही, बाय."

"एवढा लांब नेतेस?"

"पहिल्यापासून."

ती तिथंच खाली बसली. हेडफोन तसाच डोक्याला. म्हणाली, "मला वाटलं तू मला एकटी टाकून गप बसतेस." आणि रडायला लागली. मीही रडले, काय लपवायचं.

मग प्राप्तीनं सांगितलं. फोनमध्ये अशी सोय असते, की फोन जवळचा आवाज धरतो आणि मोठा करून कानात सोडतो. हेडसेट चालला नसता. एकाच कानाला, आणि धवलारणीच्या तोंडापुढं दांडी आली तर मांडव हसला असता. बिनवायरचा चालला नसता. त्यात आवाज किंचित मागून पोचतो, आणि धवल्यात तेवढं पुरे होतं फाटायला. दाराआड ती आवाज कुठवर पोचतो तेच बघत होती.

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?" मी खेकसले.

"सांगितलं असतं तर घातला असता का त्यांनी?"

मी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं,

"पण तुला कसं कळलं, की हिच्या संशयाचं मूळ कानात आहे? आम्हाला वाटायचं स्वभावच तसा."

प्राप्ती चिंधीचा हेडसेट डोक्याला लावत म्हणाली, "दिवसभर माझं तेच काम आहे मावशी. लाइन खराब असली, की माणसाला अर्धंच ऐकू येतं. आणि अर्धं ऐकू आलं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याला फसवतायत. चांगली चांगली माणसं शिव्या देतात. त्यांना मी सांगते, घाबरू नका, मी आहे ना." मग तिनं बटण दाबलं, आणि "बोला सर" म्हणाली.

कृष्णाबाई उठली आणि टीव्ही बंद करून आली. तरी जाता जाता माझ्या कानाशी म्हणालीच, "शके, वायरीत करंट न्हाय ना येत?" स्वभावाला औषध नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी पाटावर बसलो. फोन माझ्या पदरात, छातीशी खोचलेला. तिथून वायर तिच्या कानापर्यंत, आणि त्या सगळ्यावर तिचा पदर डोक्यावरून ओढलेला. मामा स्पीकरजवळ खुर्ची टाकून, बोट बटणाशी. कृष्णाबाईनं सुरुवातीलाच मान वळवून मागच्या बायांना झापलं, "विनिते, पदराखाली काय हाय म्हनून कुजबुजू नको, मला आयकू येतंय!" विनिता गारच पडली.

धवला लागला. गणपती आला, गावदेवी आली, खाडीवरचा देव आला. तिची ओळ, माझी ओळ, माझा 'गो', मग तिची ओळ. एक धागा तुटला नाही. मामाचं बोट अवघडलं असेल. मग घरातली गेलेली माणसं. सासरे आले, सासू आली. आणि कृष्णाबाईनं पुढची ओळ टाकली.

'येवा येवा सीताराम, मांडवाचे दारी गो...'

माझे मालक.

उखाणा सोडला तर हे नाव मी जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. ते होते तोवर "अहो ऐकलंत का", आणि गेल्यावर "आमचे हे". आता ही ओळ मला झेलायची होती. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. रश्मी खाली मान घालून रडत होती. मामा पुढं सरकला, त्याचा हात बटणावर गेला. एक वर्षापूर्वीची कृष्णाबाई असती तर तिला वाटलं असतं, माझी ओळ म्हणून झाली. पुढचं नाव घेऊन निघून गेली असती, आणि माझा माणूस दारातच उभा राहिला असता.

तिनं पुढचं नाव घेतलं नाही. मामाकडं बघितलंही नाही. पदराखाली एका हातानं कानावरची गादी दाबून धरली, दुसरा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"शके," ती म्हणाली, "मी आयकतेय. तू बोलाव त्याला."

मी बोलावलं. नाव घेऊन बोलावलं, आणि 'गो' श्वास संपेपर्यंत नेला. तो पार विरेपर्यंत कृष्णाबाई थांबली, आणि मगच तिनं पुढची ओळ टाकली.